काळ्या मातीची पाणंद द्रावण शिंपडून पक्की होते का?

वाफसा (धागाकर्ता):
"एंझाइमचे द्रावण टँकरने शिंपडा, रोलर फिरवा आणि मुरूम-खडी कायमची विसरा," असा दावा करणारे लेखन येथे नुकतेच आले आणि त्याखाली केवळ कौतुक झाले, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज मुबलक असते. ते पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. चार दिवस भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर (माती किती भार पेलते याचे चाचणीतून मिळणारे माप) बहुधा 2 ते 3 टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे पावसाळ्यात ती माती बैलगाडीचेही ओझे नीट पेलत नाही. अशा मातीला चुना लागू पडतो, कारण त्यातील कॅल्शियममुळे मातीचा चिकटपणा लगेच कमी होतो आणि पुढे मातीतील सिलिका व ॲल्युमिनाशी संयोग होऊन तिला टिकाऊ बळकटी येते. एंझाइमचा परिणाम मात्र मातीगणिक बदलतो. त्यामुळे ज्या गावाची माती, त्याच गावच्या भिजवलेल्या नमुन्याची चाचणी झाल्याशिवाय ग्रामपंचायतीने एक रुपयाही देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

शिवारकर:
चुन्याची शिफारस करणे सोपे आहे. 3 मीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर जाड थराच्या 1 किलोमीटर रस्त्यासाठी 4 टक्के चुना धरला, तरी जवळजवळ 29 टन चुना लागतो. तो आणणार कोण आणि कालवणार कशाने? आमच्या पाणंदीवर चुना फावड्याने पसरून ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने मिसळला. मजुरांचे डोळे चुरचुरले, मिश्रण कुठे पांढरे तर कुठे काळेच राहिले आणि पहिल्याच पावसाळ्यात उसाच्या ट्रॉलीने त्यात चाकोऱ्या पाडल्या. द्रावणवाल्यांकडे निदान शेतकऱ्याला पेलेल असा मार्ग तरी आहे.

जुना ओव्हरसियर:
आपले काम फसले याचा दोष चुन्यावर टाकू नका. उघड्यावर पडून राहिलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे निकामी होतो. ढेकळे फोडल्याशिवाय तो मिसळत नाही, दबाईनंतर थर काही दिवस ओलसर ठेवावा लागतो आणि त्यावर मुरमाचा किंवा खडीचा थर द्यावाच लागतो, कारण चुन्याची माती चाकांची घासण सोसत नाही. शिवाय मातीत सल्फेट जास्त असेल तर चुन्याने ती उलट फुगते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही बाजूंना चर आणि ओघळाच्या जागी मोरी नसेल, तर कोणतेही रसायन टिकणार नाही.

शिवारकर:
चर काढायला जागा दाखवा! नकाशावर गाडीवाट रुंद दिसते. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या बांधांनी ती खाऊन टाकली आहे. ट्रॅक्टर जाताना शेजाऱ्याची तूर चाकाखाली येते आणि त्यावरून भांडणे होतात.

गोदाकाठ:
खरा प्रश्न हाच आहे आणि तुम्ही सगळे टक्केवारीत अडकला आहात. रस्ता अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत. आमच्या वडिलांनी भाऊबंदकी नको म्हणून मुदत जाऊ दिली आणि आजही आमचे सोयाबीन डोक्यावरून बाहेर काढावे लागते.

शिवारकर:
म्हणजे बांध कोरणारा प्रत्येक शेतकरी चोर ठरला का? दोन एकरवाल्याच्या दोन ओळी गेल्या की त्याचा हंगाम हलका होतो. हे शहरात बसून लिहिणाऱ्यांना कळणार नाही.

गोदाकाठ:
मी शहरात बसलेलो नाही, आणि कृपया असा आरोप पुन्हा करू नका. तुमच्या दोन ओळींसाठी मागच्या वीस खातेदारांचा माल चिखलात अडकतो, तेव्हा त्यांचाही हंगाम बुडतो. शासकीय मोजणी करून हद्दीचे दगड रोवल्याशिवाय कोणाचेही समाधान होणार नाही.

वाफसा:
अतिक्रमणाचा मुद्दा मला या धाग्यात नको होता, तरीही चराला जागा नसेल तर माझा चुनाही वाया जाईल, हे मान्य करणे भाग आहे. शिवारकरांचा खर्चाचा मुद्दाही मी खोडत नाही. रोजगार हमीच्या कामात मजुरी आणि साहित्याचे प्रमाण 60:40 ठेवण्याच्या बंधनात हे काम बसवणे अवघड आहे. पण म्हणून द्रावणाची बाटली स्वीकारावी, हे मला पटत नाही. नुसता मुरूम टाकायचा म्हटले तरी 15 सेंटीमीटरच्या थराला किलोमीटरमागे दीडशे ब्रासहून अधिक लागतो आणि काळ्या मातीवर तो दरवर्षी खाली रुतत जातो.

शिवारकर:
चुना चांगला असेल, पण जमेल असा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे आणि त्यावर मी ठाम आहे. द्रावणवाल्यांकडून मी भिजवलेल्या नमुन्याचा अहवाल लेखी मागतो. तो मिळाला नाही तर आमच्या गावात ते काम होऊ देणार नाही. मोजणीचा अर्जही मी देईन, पण खर्च माझ्या एकट्यावर पडता कामा नये. वाट वापरणाऱ्या सर्व खातेदारांनी तो वाटून घ्यावा.