मदत हवी आहे: जुन्या हिमरू शालीवरचा गंजाचा डाग

नमस्कार. परभणीच्या आमच्या जुन्या घरातील लोखंडी पेटीत आजेसासूबाईंची, पूर्वीच्या औरंगाबादेत घेतलेली, फुलांच्या वेलबुट्टीची हिमरू शाल सापडली असून तिची निगा कशी राखावी याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पेटीच्या तळाशी टेकलेल्या घडीवर रुपयाएवढा तांबूस गंजाचा डाग पडला आहे आणि त्याच घडीच्या रेषेवर कापड विरले आहे. हिमरूत सुताबरोबर रेशीमही असते, त्यामुळे धुण्याची पावडर मी मुळीच वापरणार नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा हलकेच टिपून पाहिला, तर फडक्याला लाल रंग लागला. म्हणजे साध्या पाण्याचाही मार्ग खुंटला. शेजारच्या काकू लिंबू आणि मीठ चोळायला सांगतात, पण विरलेल्या जागी माझे धाडस होत नाही. उलट्या बाजूचे सुटे धागे बांगडीत अडकतात, ते वेगळेच.

कोरड्या धुलाईत हा डाग निघतो का, की तो तसाच राहू द्यावा? विरलेल्या भागाला मागून मलमलीचे अस्तर लावताना टाके कसे घालावेत? तूर्त शाल घडी न घालता, धुतलेल्या मलमलीसह गुंडाळून ठेवली आहे.