गोल्फ स्पर्धेत सुरुवातीच्या वेळेला उशीर झाल्यास नेमका दंड काय?

प्रश्न: माझी वेळ ९:०० होती, मी वेळेत पोहोचलो, परंतु हातमोजा आणायला लॉकरकडे गेलो आणि टीवर (पहिला फटका मारण्याच्या जागी) परतलो तेव्हा ९:०२ झाले होते. दोन फटक्यांचा दंड योग्य आहे का?

उत्तर १: योग्य आहे. नियम ५.३अ नुसार ९:०० म्हणजे ठीक ९:००:०० असून, त्या क्षणी खेळाडू सुरुवातीच्या जागी खेळण्यास सज्ज असावा लागतो. पाच मिनिटांच्या आत पोहोचल्यास स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटके, मॅच प्लेमध्ये (प्रत्येक होल कोण जिंकतो हे मोजण्याच्या प्रकारात) पहिला होल जातो. त्याहून उशीर झाल्यास थेट अपात्रता.

प्रश्नकर्ता: वाहतूककोंडीमुळे उशीर झाला तर?

उत्तर २: ती सबब चालत नाही. अपघातस्थळी जखमीला वैद्यकीय मदत करण्यासाठी थांबावे लागले, तर मात्र समिती दंड माफ करू शकते, आणि ते मला मनापासून न्याय्य वाटते.