बंद ब्रुअरीचे विटांचे पंपघर : दरजा (विटांमधील सांधे) सिमेंटने भराव्यात का?

प्रश्न : गावाबाहेरच्या एका बंद ब्रुअरीच्या आवारात आता विटांचे जुने पंपघर तेवढे उभे आहे. आतील फरशी जमिनीपासून सुमारे दोन मीटर खाली असून तिच्या मध्यभागी विहिरीचे तोंड आहे. यंत्र केव्हाच भंगारात गेले. भिंतींच्या खालच्या भागाला लोणा (ओलीबरोबर येणारे क्षार) लागून विटांचे पापुद्रे सुटत आहेत आणि कंत्राटदार सिमेंटने दरजा भरण्याचा आग्रह धरतो. हे योग्य आहे का? शिवाय, ही खोली एवढी खाली का बांधली असावी?

प्रतिसाद १ : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवेच्या दाबात आहे. पंप पाणी वर 'ओढतो' असे आपण म्हणतो, परंतु प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो आणि त्याची मर्यादा सुमारे १०.३ मीटर असते. गळती व घर्षण धरता व्यवहारात सात मीटरच्या आसपासच भरवसा ठेवता येतो. त्यामुळे पाणी खोल असेल तर पंपच खाली उतरवावा लागे. ब्रुअरीला पाणी लागेही भरपूर. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि पिंपे धुणे, बॉयलर, बिअरसाठी उकळलेला धान्याचा काढा थंड करणे यांचा खर्च त्याहून कितीतरी मोठा. जर्मन अभियंते कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रे १८७० च्या दशकात आली; त्याआधी विहिरीच्या पाण्याचा गारवाही उपयोगी पडे. फरशीत नटबोल्टांचे अवशेष दिसत असल्यास त्यांची मापे अवश्य घ्या, कारण त्यांच्या अंतरांवरून यंत्राच्या बैठकीचा आकार कळतो.

प्रतिसाद २ : सिमेंट नकोच. बांधकाम चुन्यातील असेल तर भिंतीतील ओल मऊ, सच्छिद्र दरजांतून बाहेर पडते. त्या सिमेंटने बुजवल्या की ओल विटेतून वाट काढते, क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागाआड वाढतात आणि पापुद्रे उलट अधिक सुटतात. आधी पन्हळी, छप्पर आणि भिंतीलगत चढलेली माती पाहा, कारण ओलीचे मूळ बहुधा तेथेच असते. त्यानंतर सुटे झालेले भाग हाताने खरवडून विटेपेक्षा मऊ असा चुन्याचा मसाला भरावा आणि तो सावकाश सुकू द्यावा. यंत्राने दरजा कापल्यास विटांच्या कडा जातात, आणि त्या परत मिळत नाहीत.

प्रतिसाद ३ : एक सूचना : मापे घेण्यासाठी विहिरीत कोणी उतरणार असल्यास आतील हवा आधी उपकरणाने तपासून घ्या. जुन्या विहिरीत प्राणवायू कमी असतानाही काहीच वास येत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नटबोल्टांचे चार अवशेष फरशीत आहेत. कंत्राटदाराला तूर्त थांबवले आहे.