मदत हवी आहे: मलेरिया झालेल्या गरोदर बायकांचं फेरिटिन जास्त कसं?

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. प्रबंधाचा विषय गरोदरपणातला लोहाचा साठा आणि मलेरिया. आकडे मांडायला बसले आणि अडकले.

ज्यांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी सापडले त्यांचं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) इतरांपेक्षा वर, हिमोग्लोबिन मात्र खाली. म्हणजे कागदावर कोठार भरलेलं आणि बाई ॲनिमिक! आधी वाटलं रकानेच उलटे भरलेत. दोनदा तपासलं, तसं नाही.

दाह असला की फेरिटिन चढतं, एवढं माहीत आहे. संसर्गात इंटरल्यूकिन-६ हा दाहाचा संदेशवाहक वाढतो, यकृत हेपसिडिन हे संप्रेरक सोडतं, ते फेरोपोर्टिनचं, म्हणजे पेशीतून लोह बाहेर पडण्याचं, दार लावून घेतं. लोह पेशींतच अडकतं आणि आतड्यातूनही कमी शोषलं जातं. मार्गदर्शक म्हणतात, सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) ५ मिग्रॅ/लिटरच्या वर असलेल्या बायका वगळ आणि पुढे हो. पण आजारी बायका वगळल्या तर प्रबंधात उरलं काय?

वगळण्याऐवजी दुरुस्ती कशी करू? आणि विभागात एकजण ठासून सांगतोय की लोह कमी असणं हे मलेरियापासून संरक्षण आहे, गोळ्या दिल्या की परजीवी माजतात. यात कितपत तथ्य?

---

प्रतिसाद १

वगळू नका. तसं केलंत तर उरलेला गट निवडक होतो आणि उत्तर भलतीकडेच जातं.

सीआरपीसोबत एजीपी (दाह दाखवणारं दुसरं प्रथिन) मोजलंय का? सीआरपी झटकन चढतं, झटकन उतरतं. एजीपी हळू चढतं आणि ताप गेल्यावरही रेंगाळतं. दोन्ही असतील तर ब्रिंडा या संशोधक गटाची, दाहानुसार फेरिटिन दुरुस्त करणारी समाश्रयण (रिग्रेशन) पद्धत बघा. फक्त ती प्रामुख्याने लहान मुलं आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांच्या माहितीवर उभी आहे, तेव्हा डोळे झाकून लावू नका. गरोदरपणात सीआरपी तसंही थोडं वर असतं, रक्तद्रव वाढल्याने सगळंच पातळ होतं. गर्भारपणाचा आठवडा समीकरणात हवाच. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही गरोदरपणासाठी फेरिटिनची १५ मायक्रोग्रॅम/लिटर ही मर्यादा पहिल्या तिमाहीपुरतीच आहे.

एसटीएफआर (रक्तातला ट्रान्सफेरिन रिसेप्टर, लोह कमी पडलं की वाढणारा) रामबाण आहे असं कुणी सांगेल. दाहाचा परिणाम त्यावर कमी, हे खरं. पण मलेरियात तांबड्या पेशी फुटतात, अस्थिमज्जा नव्या बनवायला लागते आणि एसटीएफआर त्यानेही वाढतं.

---

प्रतिसाद २

तुमचा सहकारी बहुधा टांझानियातल्या पेंबा बेटावरच्या चाचणीबद्दल बोलतोय (२००६ साली प्रसिद्ध). तिथे लोह आणि फॉलिक ॲसिड घेणाऱ्या मुलांत गंभीर आजार व मृत्यू वाढल्याने ते गट मध्येच थांबवले. पण ती लहान मुलं होती, गरोदर बायका नव्हेत. केनियात ४७० गरोदर बायकांवर रोज ६० मिलिग्रॅम लोहाची चाचणी झाली (२०१५). मलेरियाच्या प्रमाणात लक्षणीय फरक नाही, आणि बाळांचं सरासरी वजन सुमारे १५० ग्रॅमने जास्त. मात्र तिथे मलेरिया-प्रतिबंधक औषधंही दिली जात होती. त्याला हे वाक्य पूर्ण वाचायला लावा.

आणि तुमची मोजणी एकदाच झाली आहे ना? मग संसर्गाने फेरिटिन चढलं की लोह जास्त म्हणून संसर्ग झाला, हे या माहितीतून सुटणार नाही.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एजीपी मोजलेलं नाही, पण सीरम गोठवून ठेवलंय, उद्याच प्रयोगशाळेत विचारते. मोजणी एकदाचीच आहे, त्यामुळे शीर्षकातला 'परिणाम' खोडून 'संबंध' लिहिते.

एक राहिलंच: आठवडा सोनोग्राफीवरून नाही, शेवटच्या पाळीच्या तारखेवरून काढलाय, आणि बऱ्याच जणींनी अंदाजेच सांगितली आहे. आठवड्याऐवजी तिमाही घातली तर चालेल का?