मदत हवी आहे: व्हिफ काढलेला एचआयव्ही एका ग्राफात वाढतो, दुसऱ्यात नाही, असं का??

सेमिनारग्रस्त: सोमवारी सेमिनार आहे आणि एका आकृतीवर गाडी अडलीय. एचआयव्हीचं व्हिफ जीन काढून टाकलंय, तर एका रेघेत व्हायरस मस्त वाढतोय आणि दुसरीत पी२४ (व्हायरसचं प्रोटीन, त्यावरून वाढ मोजतात) शेवटपर्यंत तळाला. मग व्हिफ लागतं की नाही?? सरांना विचारलं तर म्हणे पेपर नीट वाचा. वाचलाय हो. पटकन सांगा, लिंका नकोत.

पेट्रीडिश: सेल्स कुठल्या?

ब्लॉटवाला: एमजी१३२ टाका, प्रोटिएसोम (पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र) बंद पडतो, एपोबेक३जी, म्हणजे व्हायरसला अडवणारं पेशीचं प्रोटीन, त्याचा बँड ब्लॉटवर (प्रोटीन तपासायच्या टेस्टवर) परत दिसला की प्रश्न मिटला. आम्ही नेहमी हेच करतो.

पेट्रीडिश: अहो तो ग्राफ वाचतोय, ब्लॉट काय हॉस्टेलवर करणार?

सेमिनारग्रस्त: दोन्ही टी सेल्सच आहेत. अजून काय सांगू?

रानभाजी: गुळवेलीचा काढा घ्या, इम्युनिटीसाठी.

पेट्रीडिश: काका, इथे डिशमधल्या पेशींबद्दल चाललंय. सेमिनारग्रस्त, सेल लाइनचं (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींच्या प्रकाराचं) नाव रेघेशेजारी बारीक अक्षरात असेल बघा.

सेमिनारग्रस्त: एक एच९, एक सीईएम-एसएस. त्याने काय फरक पडतो?

पेट्रीडिश: सगळा फरक त्यानेच पडतो! एच९मध्ये एपोबेक३जी भरपूर असतं, सीईएम-एसएसमध्ये जवळपास नसतंच, आणि शत्रूच नसेल तर व्हिफ असलं काय नसलं काय. व्हिफला स्वतःला काही तोडता येत नाही, ते फक्त सुपारी देतं. पेशीचेच प्रोटीन कलिन-५, इलाँगिन बी-सी, वर सीबीएफ-बीटा, हे सगळे गोळा करून एपोबेकला युबिक्विटिनचे ('हे तोडा' असे) शिक्के मारून घेतं, पुढचं काम पेशीचा प्रोटिएसोम करतो. २००२ साली शीही, मालिम वगैरे संशोधकांना एपोबेक३जी सापडलं ते असल्याच दोन सेल्सची तुलना करून, तेव्हा नाव सीईएम१५ होतं. जुन्या पेपरात तेच दिसेल, गोंधळू नका.

सेमिनारग्रस्त: ओके पण मग तिसरा ग्राफ? तिथे व्हिफ नसलेलाच व्हायरस एच९मध्ये एकदा व्यवस्थित शिरतोय आणि मग ठप्प. आता तर डोकंच चालेना.

पेट्रीडिश: तिसरा ग्राफ आत्ता सांगताय? बरं, तो व्हायरस बनवलाय कशात?

सेमिनारग्रस्त: २९३टी सेल्स लिहिलंय मेथड्समध्ये.

पेट्रीडिश: मग झालं की. २९३टीत एपोबेक३जी नाही, त्यामुळे पहिली खेप स्वच्छ निघाली. एच९मधून बाहेर पडणारी पिल्लं मात्र ते पोटात घेऊनच निघतात, आणि पुढच्या पेशीत आरएनएवरून डीएनए बनताना त्यातल्या सी अक्षराचा यू होतो, म्हणजे दुसऱ्या धाग्यावर जी च्या जागी ए. जीनोमची पार वाट लागते. व्हायरस कुठे शिरला यापेक्षा कुठून आला ते बघा.

ब्लॉटवाला: तरी एमजी१३२ केल्याशिवाय हे सिद्ध होत नाही.

माकडचेष्टा: आफ्रिकन ग्रीन मंकी कोणीच काढलं नाही? त्याच्या एपोबेकमध्ये १२८ नंबरच्या अमिनो ॲसिडच्या जागी माणसासारखं ॲस्पार्टेट नसून लायसिन असतं, एवढ्यावर एचआयव्ही-१चं व्हिफ त्याला पकडू शकत नाही. सेमिनारमध्ये हे टाकाच.

पेट्रीडिश: आधी त्याला तीन ग्राफ पार पाडू द्या.

सेमिनारग्रस्त: १२८वालं भारी आहे, टाकतो. माकडाचा चांगला फोटो कुणाकडे आहे का?

रानभाजी: माझ्याकडे वांदरांचे आहेत, माथेरानचे.