वडाच्या पाराला काँक्रीट, एका बाजूने झाड सुकतंय

पारकरी: गावच्या जुन्या वडाभोवती दोन वर्षांपूर्वी पार बांधून वर फरशी बसवली. सिमेंट थेट खोडाला भिडलंय. आता पश्चिमेच्या फांद्यांची पानं पिवळी पडून गळताहेत. पारंब्या वाटेत येतात म्हणून छाटतात. वटपौर्णिमा पंधरा दिवसांवर आलीय. सगळा पार फोडावा लागेल का?

मातीमोल: वड फाल्गुनाच्या सुमारास पानं टाकतो, ते वेगळं. ज्येष्ठात एकाच बाजूची पानं पिवळी म्हणजे त्या बाजूची मुळं गुदमरलीत. सगळा पार नको, पण खोडाभोवतीची तीन-चार फूट फरशी काढाच. छिन्नी-हातोड्यानेच काढा, ब्रेकरने मुळं सोलवटतात. आत भराव घातला असेल तर मुळं फाकायला लागतात तिथपर्यंत तो उपसा. बुंधा मातीत गाडला की साल कुजते. जुने पार बिनचुन्याच्या दगडांचे असत, सांध्यांतून पाणी मुरायचं. पाणी बुंध्याशी ओतू नका. अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत, अगदी फांद्यांच्या टोकांखाली आणि त्यापलीकडेही असतात. युरिया तर अजिबात नको.

झाडवेडा: पारंब्यांचं जास्त महत्त्वाचं. आडव्या फांदीचा भार त्याच पेलतात. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या वडाचं मूळ खोड बुरशीने सडल्यामुळे 1925 मध्ये काढून टाकलं. झाड आजही पारंब्यांवर उभं आहे. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पारंबीभोवती बसवा, माती, शेणखत आणि नारळाचा भुसा भरा, ओल टिकवा. दोरी सैल बांधा. पारंबी जमिनीत रुजून जाड व्हायला लागली की पाइप काढायचा. विसरलात तर तोच फास होतो.

रानपाखरू: पूजेचा सुती दोरा चालतो, आठवड्याने सोडवा. नायलॉनचा नको, खोड वाढतं तसा तो सालीत रुततो. दिवे हातभर लांब. आणि फांद्या तोडून घरी पूजणं हा तर उलटा धर्म झाला!
वडाच्या फळात उंबरातल्या चिलटांसारखी इवलीशी गांधीलमाशी वाढते, वडाचं परागीभवन तीच करते. बाहेर पडल्यावर ती जेमतेम एक-दोन दिवस जगते, तेवढ्यात तिला दुसऱ्या वडाची योग्य वयाची फळं सापडावी लागतात. म्हणून पंचक्रोशीत वेगवेगळ्या वेळी फळणारे बरेच वड हवेत. हरियाल, तांबट, कोकीळ यांची भूकही त्यावरच भागते.

पारकरी: मग गायरानात आणखी दोन लावायचे म्हटलं तर? बाजारातली फांदी चालेल?

मातीमोल: ती कोवळी, रुजण्याआधीच वाळते. मनगटाएवढी जाड, सहा-सात फुटांची फांदी घ्या, पानं काढा, एक दिवस सावलीत ठेवून चीक वाहू द्या. वरच्या टोकाला शेण-मातीचा लेप. पहिला पाऊस मुरला की दीड-दोन फूट खोल पुरून माती पायाने घट्ट दाबा. आत पोकळी राहिली तर मुळं फुटत नाहीत. घरं, विहीर, तारा यांच्यापासून निदान पन्नास फूट दूर. गुरं पहिली पालवी खातात, तेव्हा काटेरी कुंपण त्याच दिवशी.