फेटलिंगच्या कामामुळे भावाची बोटे पांढरी पडतात. कोणत्या डॉक्टरांना दाखवावे?

पंचगंगाकाठ : माझा थोरला भाऊ शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत फेटलिंग खात्यात काम करतो. कास्टिंगच्या कडा आणि चिकटलेली वाळू काढण्यासाठी अँगल ग्राइंडर किंवा हवेवर चालणारा चिपिंग हॅमर दिवसभर त्याच्या हातात असतो. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी मोटारसायकलवरून कामावर जाताना त्याच्या डाव्या हाताची बोटे दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक पडतात, चिमटा काढला तरी कळत नाही, आणि थोड्या वेळाने लाल होऊन ठणकू लागतात. आता शर्टाची बटणे लावणेही त्याला जड जाते. अशक्तपणा समजून बी-१२ची इंजेक्शने दिली गेली, पण फरक पडला नाही. कोणाकडे जावे आणि कंपनरोधक हातमोजे घ्यावेत का, हे कृपया सांगावे.

कामगारवैद्यक : तुम्ही लिहिलेली लक्षणे हात-बाहू कंपन विकाराशी जुळतात. सततच्या कंपनांमुळे बोटांतील बारीक रक्तवाहिन्या थंडी लागताच आकसतात आणि त्याबरोबर संवेदना वाहणाऱ्या नसाही दुखावतात. छिन्नी धरणारा, म्हणजे बहुधा डावा हात अधिक बिघडतो, हे अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतील बेडफर्डच्या चुनखडी कारागिरांत नोंदवले होते. तुमच्या भावाचा डावाच हात आधी धरला गेला, यात मला म्हणूनच नवल वाटत नाही.

एएफआयएच ही पात्रता असलेले, म्हणजे औद्योगिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर मिळाल्यास उत्तम. नाहीतर संधिवाततज्ज्ञ किंवा रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक यांना दाखवावे. तपासणीच्या वेळी बोटे पांढरी असतीलच असे नाही, म्हणून तसे झाल्यावर लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एएनए ही रक्तचाचणी आणि नसांची वहनचाचणी करावी की नाही, हे जरूर विचारा. फौंड्रीतील सिलिकाच्या धुळीचा संबंध त्वचा कडक होत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजाराशीही असतो, आणि त्यातही बोटे अशीच पांढरी पडतात. रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण तिने त्रास वाढू शकतो.

पंचगंगाकाठ : मनापासून आभार. रक्तदाब नाही. भाऊ बिडी ओढत नाही, पण तंबाखू खातो.

कामगारवैद्यक : खाण्याच्या तंबाखूतही निकोटीन असतेच आणि ते रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे तंबाखू सोडणे हा उपचाराचाच भाग समजावा. बधिर बोटे कढत पाण्यात बुडवू नयेत. भाजलेले कळत नाही.

सुरक्षाविभाग : मी फौंड्रीतच सुरक्षेचे काम पाहतो. हातमोज्यांनी हात उबदार राहतात, ते मोटारसायकलवर तर हवेतच. मात्र ग्राइंडर आणि हॅमरची कमी वारंवारतेची कंपने ते फारशी अडवत नाहीत, म्हणून त्यांच्या भरवशावर तेच काम तितकेच तास चालू ठेवू नये. खरा फरक कंपनाची तीव्रता आणि हत्यार हातात असण्याचा वेळ कमी केल्याने पडतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या पाळीसाठी ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कमाल मर्यादा असून २.५ पासूनच मालकाने उपाय सुरू करावे लागतात. तीव्रता दुप्पट झाली की हत्यार वापरण्याच्या मुभेचा वेळ एक चतुर्थांशावर येतो. १० तीव्रतेचे हत्यार दोन तासांतच ती कमाल मर्यादा गाठते. झिजलेली किंवा डगमगणारी चकती, बोथट छिन्नी, ढिले बेअरिंग यांनी तीव्रता वाढते आणि हत्यार घट्ट आवळून धरावे लागते. हवेच्या हत्यारातून बाहेर पडणारा गार झोत हातावर येत असेल तर त्याची दिशा बदलून घ्या.

भावाने सुपरवायझरला लेखी अर्ज देऊन, डॉक्टरांचा कागद जोडून, तपासणी किंवा साच्याच्या खात्यात बदली मागावी, असे मी आग्रहाने सांगेन. कंपन लवकर थांबले तर बोटे पांढरी पडणे पुष्कळदा कमी होते, पण नसांचे नुकसान सहसा भरून येत नाही. बटणे लावता येत नसतील तर पुढच्या हिवाळ्याची वाट पाहू नये.

पंचगंगाकाठ : या आठवड्यातच त्याला घेऊन जाते आणि अर्जाचा मसुदा येथे टाकते, कृपया तो तपासून द्यावा.